सगळ्यात वरची चूक आधी: एक्सएमएलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

अंधेरीची एमआयडीसी, मालाडचं माइंडस्पेस किंवा खाडीपलीकडची ऐरोली. इथे 'डेटा कन्व्हर्जन' किंवा 'ई-पब्लिशिंग'ची जाहिरात बघून मुलाखतीला येणारी बरीच मुलं बीकॉम नाहीतर बीए केलेली असतात. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण नाही म्हणून आधीच धास्तावलेली. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते: कोडिंग नंतर बघू, आधी हातात आलेली एक्सएमएल फाइल वेल-फॉर्म्ड आहे की नाही ते कमांड लाइनवर, म्हणजे कमांड टाइप करून, तपासायला शिका. हे शिकायला पैसे लागत नाहीत, जुना लॅपटॉप पुरतो, आणि पहिले सहा महिने तुमचं पोट याच्यावरच चालणार असतं. एक्सएमएल म्हणजे मजकुराचा प्रत्येक तुकडा टॅगमध्ये, म्हणजे कोनी कंसातल्या नावांच्या जोडीत, ठेवलेली फाइल.

हे काम फक्त पुस्तकांच्या कंपन्यांत असतं असं समजू नका. 2011 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाने ठरावीक कंपन्यांना वार्षिक हिशेब एक्सबीआरएलमध्ये द्यायला लावले, आणि एक्सबीआरएल ही हिशेबांची ठरावीक मांडणी म्हणजे आतून एक्सएमएलच. त्यामुळे फोर्ट आणि बीकेसीतल्या सीएंच्या ऑफिसातही ही फाइल उघडणारं माणूस लागतं. बीकॉमवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

वेल-फॉर्म्ड म्हणजे काय, तर मोजके नियम. सगळ्याला सामावणारा एकच बाहेरचा टॅग. उघडलेला प्रत्येक टॅग बंद, तोही आतला आधी आणि बाहेरचा नंतर. इंग्रजी टॅगमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. ॲट्रिब्यूटची, म्हणजे टॅगच्या कंसातच लिहिलेल्या जादा माहितीची, किंमत अवतरणचिन्हात. कॉमेंटच्या आत लागोपाठ दोन डॅश नाहीत. फाइलीच्या डोक्यावर एक्सएमएल डिक्लेरेशन (फाइलीची ओळख सांगणारी ओळ) असेल, तर त्याच्या आधी एक मोकळी ओळसुद्धा चालत नाही. नियम एवढेच असले तरी त्यांची अंमलबजावणी कडक आहे. 10 फेब्रुवारी 1998 ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एक्सएमएल 1.0 जाहीर केलं, तेव्हा त्यात स्पष्ट लिहून ठेवलं की अशी चूक सापडली तर पार्सरने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, नेहमीचं काम तिथेच थांबवायचं. आपल्या मनाने दुरुस्त करून पुढे जायचं नाही. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानांच्या, बाबतीत ब्राउझर वाट्टेल ते पोटात घालतात; त्यावर उपाय म्हणून हे मुद्दाम ठरवलेलं आहे.

इथेच नवी मुलं हमखास गोंधळतात.

"मॅडम, क्रोममध्ये तर नीट दिसतंय."

"फाइलचं एक्स्टेन्शन बघ बरं."

"एचटीएमएल."

"मग दिसणारच. एक्सएचटीएमएल कर आणि परत उघड."

मग ब्राउझर ती एक्सएमएल म्हणून वाचतो आणि पानावर चूक झळकते. ई-पबची, म्हणजे ई-पुस्तकाची, फाइल म्हणजे एक झिप असते आणि तिच्यातली प्रकरणं एक्सएचटीएमएलमध्ये, म्हणजे एक्सएमएलच्या शिस्तीत असावी लागतात. म्हणून 'मला दिसतंय' या उत्तराला आमच्याकडे किंमत नाही.

मी वापरते ते साधन म्हणजे एक्सएमएललिंट. डॅनियल वेयार यांनी ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पासाठी लिब-एक्सएमएल-टू ही लायब्ररी लिहिली, तिच्यासोबत ते येतं. मॅकवर ते आधीपासून असतं. उबुंटू लिनक्सवर लिब-एक्सएमएल-टू-युटिल्स हे पॅकेज टाकायचं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यातल्या उबुंटूत तेच करायचं, हा मला सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता वाटतो. कमांड अशी: एक्सएमएललिंट, मग जागा, दोन डॅश आणि त्यांना चिकटून नोआउट, मग जागा, मग फाइलचं नाव. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. नोआउट लिहिलं नाही तर अख्खी फाइल पडद्यावर धो धो ओतली जाते. कमांड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून चिकटवू नका. तिथे दोन डॅशचा आपोआप एक लांब डॅश झालेला असू शकतो, आणि मग कमांड का चालत नाही हे शोधण्यात दुपार जाते.

फाइल बरोबर असेल तर काहीच येत नाही. ना 'ओके', ना हिरवी खूण. पहिल्यांदा हे बघून सगळे परत एंटर मारतात. काही न येणं हेच उत्तर आहे.

चुकलेली असेल तर फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, 'पार्सर एरर' हे शब्द आणि चुकीचं वर्णन येतं. त्याखाली ती ओळ आणि तिच्या खाली एक छोटं टोपीसारखं चिन्ह. देवनागरी मजकूर असेल तर हे चिन्ह पुष्कळदा भलत्याच अक्षराखाली सरकलेलं दिसतं, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. आता ही फाइल बघा:

<यादी>
  <खाते>
    <नाव>अबक आणि कंपनी
    <शहर>मुंबई</शहर>
  </खाते>
</यादी>

चूक एकच आहे: तिसऱ्या ओळीत नाव बंद केलेलं नाही. पण एक्सएमएललिंट तीन तक्रारी करतं. पहिली म्हणते पाचव्या ओळीत टॅग जुळत नाहीत, तिसऱ्या ओळीत 'नाव' उघडलं होतं आणि आता 'खाते' बंद होतंय. दुसरी म्हणते सहाव्या ओळीत 'खाते' आणि 'यादी' जुळत नाहीत. तिसरी म्हणते 'यादी' बंद व्हायच्या आतच फाइल संपली. नवा माणूस तळापासून वाचतो, कारण पडद्यावर शेवटची तक्रार डोळ्यांसमोर असते. मग तो शेवटी आणखी एक 'यादी' बंद करणारा टॅग घालतो आणि फाइल जास्तच बिघडवतो. म्हणून वर सरकून पहिली तक्रार वाचायची. तिच्यात दोन क्रमांक असतात: सुरुवातीला असतो तो पार्सर अडला ती ओळ, वाक्याच्या पोटात असतो तो टॅग उघडला ती ओळ. दुरुस्ती बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकाजवळ असते. तेवढी एक दुरुस्त करा, फाइल सेव्ह करा, कमांड परत चालवा. शंभर तक्रारी असतील तरी हेच. एका दुरुस्तीत निम्म्या यादीचा निकाल लागतो असं वारंवार होतं.

टॅगच्या चुका तशा सोप्या. खरा वेळ खातात ती अक्षरं.

पहिला नंबर & चा. मुंबईतल्या पेढ्यांची नावं बघा, 'अमुक & सन्स', 'तमुक & कंपनी'. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह एंटिटीची, म्हणजे एखाद्या अक्षराऐवजी लिहायच्या ठरलेल्या संकेताची, सुरुवात मानलं जातं, त्यामुळे मजकुरात ते उघडं ठेवता येत नाही; &#38; असं लिहावं लागतं, किंवा त्याची ठरलेली एएमपी ही एंटिटी. अशा आयत्या एंटिटी फक्त पाच: अँपरसँड, लेस-दॅन, ग्रेटर-दॅन आणि दोन प्रकारची अवतरणं. एचटीएमएलमधून सवयीने आलेली एनबीएसपी (न तुटणारी मोकळी जागा) त्या पाचांत नाही. 'एंटिटी नॉट डिफाइन्ड' असं आलं तर तिच्या जागी &#160; घाला. आणि & बदलताना अख्ख्या फाइलीत सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका. आधीच बरोबर लिहिलेल्या एंटिटीतलं & सुद्धा बदललं जातं. ही चूक वाईट, कारण फाइल वेल-फॉर्म्ड ठरते आणि कचरा थेट छापलेल्या पानावर जातो.

दुसरा प्रकार एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचा. डिक्लेरेशनमध्ये यूटीएफ-8 लिहिलंय, पण मजकूर जुन्या विंडोजच्या 1252 एन्कोडिंगमधून आलाय. मग 'इनपुट इज नॉट प्रॉपर यूटीएफ-8' अशी तक्रार येते आणि सोबत काही बाइट दाखवले जातात. पहिला बाइट हेक्स 92 असेल तर डोळे मिटून समजा की तो वर्डमधला वाकडा अपॉस्ट्रॉफी आहे. 93 आणि 94 म्हणजे वाकडी दुहेरी अवतरणं. अशी फाइल हाताने एकेक अक्षर बदलत सुधारायची नसते. आयकॉन्व्ह नावाच्या कमांडने तिचं एन्कोडिंगच 1252 वरून यूटीएफ-8 करून घ्यायचं.

तिसरा प्रकार न दिसणाऱ्या अक्षरांचा. वर्डमध्ये शिफ्ट-एंटर मारून तोडलेली ओळ आतून, कॉम्प्युटरच्या हिशेबी, 11 क्रमांकाचं अक्षर असते, आणि ते एक्सएमएल 1.0 ला चालत नाही. 32 च्या खालच्या क्रमांकांपैकी फक्त टॅब आणि ओळ बदलणारी दोन, म्हणजे 9, 10 आणि 13, एवढ्यांनाच परवानगी आहे. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेल्या फाइलींत मला जागोजागी &#4; सापडायचं. दिसायला ती रीतसर एंटिटी, पण 4 हे अक्षरच निषिद्ध असल्यामुळे असं आडून लिहिलेलंही चालत नाही. ते काढूनच टाकावं लागतं. काढण्याआधी मात्र फाइल देणाऱ्याला विचारा. कुणाच्या तरी मॅक्रोला त्याची गरज असू शकते.

आता आपला मराठी मासला. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत ठेवता येतात, वरच्या उदाहरणात ठेवलीच आहेत. पण 'अधिकाऱ्याचे' असा टॅग उघडला आणि तसाच बंद केला तरी 'मिसमॅच' येऊ शकतं, आणि तक्रारीत दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात. कारण 'ऱ' हे अक्षर एकच कोड म्हणून टाइप होतं, तसंच 'र' आणि नुक्ता असे दोन कोड मिळूनही होतं. युनिकोडच्या हिशेबी दोन्ही सममूल्य, पण पार्सर कोडला कोड लावून बघतो. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर एकच फाइल भरली की हे घडतंच. न दिसणारा जॉइनर (जोडाक्षराचं रूप ठरवणारं अक्षर) एका बाजूला राहिला तरी तेच. माझं मत विचाराल तर टॅगची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा आणि मजकूर खुशाल मराठीत. मराठीच्या अभिमानाला टॅगच्या नावात जागा शोधू नका, तिथे फक्त रात्रीची शेवटची लोकल चुकते.

दोन ठिकाणी सांभाळा. रिकव्हर नावाचा एक पर्याय आहे. तो मोडक्या फाइलीतून जमेल तेवढं वाचवतो. ऐकायला गोड, पण जे जमत नाही ते गाळतो, आणि नेमकं काय गाळलं ते तुम्हालाच मूळ फाइलीशी ताडून शोधावं लागतं. ग्राहकाला द्यायच्या फाइलीवर तो कधीच वापरायचा नाही. दुसरं म्हणजे फॉरमॅट हा पर्याय देऊन आउटपुट ग्रेटर-दॅनच्या चिन्हाने त्याच फाइलीत वळवू नका. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आधी ती फाइल रिकामी करतं आणि मग एक्सएमएललिंट वाचायला जातं, तोवर वाचायला काही उरलेलं नसतं. वेगळ्या नावाने सेव्ह करा, किंवा आउटपुट हा त्याचा स्वतःचा पर्याय वापरा.

फाइली शेकड्याने येऊ लागल्या की एकेक बघत बसू नका. फाइलच्या नावाऐवजी तारा-चिन्ह वापरून एका फटक्यात सगळ्या तपासता येतात. शिवाय प्रत्येक वेळी कमांड एक एक्झिट कोड, म्हणजे निकालाचा आकडा, मागे सोडते. डॉलर आणि प्रश्नचिन्ह एको केलं की दिसतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. एवढ्यावर चार ओळींची स्क्रिप्ट होते: पास झालेल्या फाइली एका फोल्डरात, नापास दुसऱ्यात. आमच्याकडे नवी मुलं लिहितात ती पहिली स्क्रिप्ट हीच.

आणि मर्यादाही ओळखा. वेल-फॉर्म्ड फाइलीत लेखकाचं नाव शहराच्या टॅगमध्ये पडलेलं असू शकतं, एक्सएमएललिंट नोआउटवर हूं की चूं करणार नाही. कोणत्या टॅगच्या आत काय यावं हे डीटीडी किंवा स्कीमा ठरवतो. ती तपासणीही हेच साधन करतं, व्हॅलिड आणि स्कीमा या पर्यायांनी. पण आधी वेल-फॉर्म्ड, मग व्हॅलिड, हा क्रम उलटा होत नाही. आणि नाव बरोबर टॅगमध्ये असूनही त्याचं स्पेलिंग चुकलं असेल तर ते बघायला माणूसच लागतो.

मुलाखतीत बहुधा एक मुद्दाम मोडलेली फाइल देतात आणि चुका काढायला सांगतात. सगळ्या चुका सापडल्याच पाहिजेत असं नसतं. मी समोर बसलेली असते तेव्हा दोनच गोष्टी बघते: पोरगं वरून सुरू करतंय का, आणि एक दुरुस्ती झाल्यावर परत तपासतंय का. 'वेल-फॉर्म्ड आणि व्हॅलिड यात फरक काय' हा प्रश्न येतोच. व्याख्या पाठ म्हणण्यापेक्षा लेखक आणि शहरासारखं एखादं उदाहरण द्या. नोकरी लागल्यावर पुढचा टप्पा एक्सपाथ (फाइलीतला हवा तो टॅग शोधायची भाषा), त्यानंतर एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा). एक्सपाथचा सराव करायलाही वेगळं काही आणावं लागत नाही, एक्सएमएललिंटमध्येच त्याचा पर्याय आहे.