वायफाय जोडलेलं, पण नेट नाही

शनिवारी रात्री लॅपटॉपने असहकार पुकारला. वायफाय जोडलेलं, सिग्नल फुल्ल, पण खाली ‘नो इंटरनेट’. त्याच वायफायवर आईच्या मोबाइलवर मालिका सुरळीत चालू, म्हणजे राउटर निर्दोष. तरी तो दोनदा बंद-चालू केलाच. आईची बोलणी खाल्ली, फरक शून्य.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) ‘पिंग ८.८.८.८’ दिलं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला हाक मारून पाहिली. चारही उत्तरं आली! म्हणजे नेट येतंय, फक्त साइटच्या नावावरून पत्ता सापडत नाहीये. गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’मध्ये डीएनएस सर्व्हरपुढे १०.० ने सुरू होणारा आकडा दिसला आणि ट्यूब पेटली. शुक्रवारी ऑफिसात प्रिंटर सापडेना म्हणून मीच हाताने भरलेला तिथला अंतर्गत सर्व्हर! घरून तो कुठून सापडणार?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज असं आत आत जाऊन ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’चं मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक केलं. वर साठवलेले जुने पत्ते पुसायला ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ही मारलं. कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल जाऊन वायफायचं चिन्ह परत आलं.

पिंगलाही उत्तर नसेल तर आधी ‘आयपीकॉन्फिग /ऑल’मध्येच लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.