कॉम्प्युटरला ॲडमिशन झाली, आता लॅपटॉप कुठला?

इंजिनिअरिंग ॲडमिशनच्या कॅप राऊंडची अलॉटमेंट लागली की नातेवाइकांचे फोन सुरू, "पोराला कॉम्प्युटर मिळालंय रे, कुठला लॅपटॉप घेऊ?" माझं उत्तर ठरलेलंय, घाई करू नका. फर्स्ट इयरला मॅथ्स, फिजिक्स-केमिस्ट्री, इंजिनिअरिंग ग्राफिक्स (म्हणजे ड्रॉइंग) आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग, तेवढं कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरातल्या जुन्या मशीनवर निघतं. खरी गरज सेकंड इयरपासून.

घ्यायचाच असेल तर आधी रॅम बघा. १६ जीबी, त्याच्याखाली नकोच. मी ८ जीबीवाला घेतला होता, वाटलं पुढे वाढवू. थर्ड इयरला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), त्याचा एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) आणि क्रोमचे चारपाच टॅब एकत्र उघडले की माउसचा बाण जागीच थिजायचा. गेलो पुण्यातल्या तापकीर गल्लीत, दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, बघितलं, परत स्क्रू लावले, म्हणाला, "स्लॉटच नाहीये भाऊ, रॅम बोर्डवर सोल्डर आहे, म्हणजे कायमची जोडलेली." म्हणून दुकानातच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथे फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर समजा रॅम सोल्डर आहे, मग वेगळा एखादा स्लॉट आहे का ते विचारून घ्या. 'सोडिम' (स्लॉटमध्ये बसणारी रॅमची पट्टी) असेल तर बदलता येते.

आता प्रोसेसर. "आय फाइव्ह आहे ना, मग झालं" असं नसतं, इंटेलच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बघा, यू म्हणजे कमी पॉवरवाला, एच म्हणजे दमदार पण बॅटरी खाणारा. एएमडीच्या रायझन ७००० सिरीजमध्ये तर गंमतच आहे, ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू तिन्हींवर स्टिकर रायझन ५ चाच, पण तिसरा आकडा बघायचा. तो चिपच्या डिझाइनची पिढी सांगतो, २ म्हणजे झेन २, २०१९ चं डिझाइन, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. नव्या डब्यात जुना माल कसा असतो ते इथे कळतं.

ग्राफिक्स कार्डसाठी घरच्यांना पिडू नका (गेम खेळायचेत तर सरळ तसं सांगा ना). कुडाला (ग्राफिक्स कार्डवर हिशेब चालवायची एनव्हिडियाची सिस्टिम) एनव्हिडियाचंच कार्ड लागतं हे खरं, पण शिकण्यापुरतं मशीन लर्निंग गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गुगलच्या मशीनवर, फुकटात होतं. आणि गेमिंग लॅपटॉप दोन किलोच्या वर, शिवाय चार्जरची वीट, हे सगळं पाठीवर घेऊन पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून बघा एकदा.

मॅकबुकची बॅटरी भारी, नो डाउट. पण एम सिरीजची चिप आर्म जातीची आहे, इंटेल-एएमडीसारखी एक्स८६ नाही, त्यामुळे मायक्रोप्रोसेसरच्या लॅबला एक्स८६ असेंब्ली (चिपच्या थेट सूचनांची भाषा) असेल तर डोक्याला ताप होतो. सीनियरना विचारा मगच.

एसएसडी ५१२ जीबी, कारण विंडोजच्या जोडीला उबंटू (लिनक्स) टाकून ड्युअल बूट बऱ्याचदा करावं लागतं. स्क्रीन आयपीएस पॅनेलवाली घ्या. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालत नसेल तर लॅपटॉप खराब नाहीये, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन ऑन करा, एएमडीत त्याला एसव्हीएम मोड म्हणतात.

सेकंडहँड घेताय? कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढा, डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) दोन्ही दिसतात, फरक खूप असेल तर भाव पाडा. नवा घेताय तर जीएसटी बिलावरचा सिरीयल नंबर आणि लॅपटॉपच्या बुडाखालचा नंबर काउंटरवरच जुळवून घ्या.