गुरूची झाकली मूठ : फँटसी लिहिताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या कादंबरीच्या बाडावर, पान ३१२च्या समासात, मैत्रिणीनं पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं : 'म्हाताऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, तर तोंडाला कुलूप का लावून बसला होता?'

दोन दिवस मी उत्तर शोधत होते. खरं उत्तर एकच होतं आणि ते तिला सांगायची लाज वाटत होती. म्हातारा बोलला असता तर कादंबरी पंधराव्या पानावर आटोपली असती. पण हे झालं माझं कारण. म्हाताऱ्याचं कारण काय, याचा मी विचारच केला नव्हता.

त्यानंतर ओळखीपाळखीच्या लोकांची फँटसीची बरीच बाडं वाचली. ड्रॅगन बरे जमलेले असतात, नकाशे तर सुंदर असतात. गाडी अडते ती पांढऱ्या दाढीपाशी. गुरूला नेमकं किती ठाऊक आहे, हे लेखकानं ठरवलेलंच नसतं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' यावर सगळी भिस्त असते. पण मूठ कधीतरी उघडावी लागते आणि तेव्हा आत खरंच काहीतरी असावं लागतं.

(पुढे 'हॅरी पॉटर' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली गुपितं सर्रास फोडली आहेत. वाचायची राहिली असतील तर आधी ती वाचून या.)

लेखकाला ठाऊक ते सगळं गुरूला ठाऊक

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती करताना कळतही नाही. गोष्ट तुमच्या डोक्यात पूर्ण असते, शहाणं बोलायला एक पात्र हवं असतं, मग तुमच्या डोक्यातलं सगळं त्याच्या डोक्यात ओतलं जातं. तपासायची रीत सोपी आहे. बाडाचं कुठलंही पान उघडा आणि विचारा, या क्षणी गुरूला काय माहीत आहे? दर वेळी 'सगळंच' असं उत्तर आलं, तर घोळ आहे.

यावर मी वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखते. काय ठाऊक आहे, कधीपासून, कुणाकडून किंवा कशावरून कळलं, आणि का सांगत नाही. पहिला रकाना भराभर भरतो. तिसरा बहुतेकांचा कोरा राहतो, आणि तिथेच दुखणं सापडतं.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या जादूगाराचा, गँडाल्फचा तिसरा रकाना बघा. जादूची अंगठी ज्याच्याकडे आहे त्या बिल्बोच्या वाढदिवसाच्या मेजवानीला त्याला फक्त शंका आहे, की ही साऱ्या जगाला ग्रासणारी अंगठी तर नाही ना. ती खरी ठरायला तब्बल १७ वर्षं जातात. (सिनेमात ती जाणवत नाहीत. पुस्तकात बिल्बोचा वारस फ्रोडो ३३ वर्षांचा असतो तो पन्नाशीला टेकतो.) या काळात गँडाल्फ अंगठीच्या आधीच्या मालकाचा, गॉलमचा माग काढतो, मिनास तिरिथ शहराच्या दफ्तरात जुन्या काळच्या इसिल्डूर राजानं स्वतः लिहून ठेवलेला अंगठीचा मजकूर शोधून वाचतो, आणि मग फ्रोडोच्या घरी येऊन अंगठी शेकोटीत टाकतो. तिच्यावर अक्षरं उमटतात तेव्हा त्याला खात्रीनं कळतं, आणि त्याच खोलीत, त्याच वेळी फ्रोडोलाही कळतं. मधल्या काळात तो गप्प का होता, हा प्रश्नच उरत नाही. सांगण्यासारखं पक्कं त्याच्याकडे काही नव्हतं. शिवाय अंगठी नदीतून वाहत समुद्राला मिळाली, हे ज्येष्ठ जादूगार सारुमानचं म्हणणं त्यानं मानलं होतं. म्हणजे तो चुकलाही होता, आणि ही चूक पुढे सगळ्यांना भोवते. कधीच न चुकणारा गुरू वाचकाला शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखा वाटायला लागतो.

आपल्या मातीतली फँटसी लिहिणाऱ्यांना इथे एक जास्तीचा मोह असतो. 'मुनींनी अंतर्ज्ञानानं जाणलं.' पोथीत शोभतं, कादंबरीत नाही. आणि पोथीतसुद्धा हिशेब असतो. व्यासांनी युद्ध पाहायला दिव्यदृष्टी देऊ केली ती धृतराष्ट्राला. आप्तांचा वध बघवणार नाही म्हणून त्यानं ती नाकारली, मग ती संजयाला मिळाली, आणि तीही युद्धाचा वृत्तांत सांगण्यापुरती. कुणी दिली, कशासाठी, कुठवर, सगळं ठरलेलं. तुमचा गुरू त्रिकालज्ञानी असेल तर निदान त्याला एक आंधळा कोपरा ठेवा.

'वेळ आली की तुला सगळं कळेल'

हे वाक्य बाडात दिसलं की मी पेन्सिल खाली ठेवते. वेळ कुणाची आली? लेखकाची!

गप्प बसायला कारण लागतं, आणि ते त्या माणसाच्या स्वभावातून किंवा परिस्थितीतून यावं लागतं. आपल्याकडे याचा उत्तम धडा आदिपर्वात आहे. पांडव वारणावताला निघालेत, निरोप द्यायला अख्खं नगर लोटलंय, आणि विदुराला लाक्षागृहाचा कट ठाऊक आहे. उघड बोलावं तर दुर्योधनाच्या कानावर जाणार आणि तो दुसरा डाव टाकणार. न बोलावं तर पुतणे जळून मरणार. म्हणून तो युधिष्ठिराला भर गर्दीत, पण इतरांना न उमगणाऱ्या भाषेत सांगतो : धातूचं नसलेलंही एक शस्त्र असतं, बिळात राहणारा वणव्यातून वाचतो, नक्षत्रांवरून दिशा कळते. नंतर कुंती विचारते, विदुर काय म्हणाला गं बाई, आम्हाला तर काहीच समजलं नाही. (हे शब्द माझे, पण भाव तोच.) मग युधिष्ठिर तिला उलगडून सांगतो : आगीपासून जपा, वाटा माहीत करून घ्या. पुढे विदुराचाच माणूस येऊन भुयार खणतो.

या एका प्रसंगात किती कामं झाली बघा. गुरूला माहिती आहे, ती दडवायला ठोस कारण आहे, तरी तो हात बांधून बसलेला नाही, आणि शिष्याला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. तुमच्या गुरूला बोलता येत नसेल तर त्याला आडून बोलू द्या. कोडं घालू द्या. कारागीर पाठवू द्या. नुसतं दाढी कुरवाळत बसवू नका.

दुसरं चालणारं कारण म्हणजे माया. शाळेच्या मुख्याध्यापकाला, डम्बलडोरला, हॅरी पहिल्याच भागाच्या शेवटी, १९९७ साली, थेट विचारतो की दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टला मला का मारायचं होतं. उत्तर मिळतं पाचव्या भागाच्या शेवटी, २००३ मध्ये. वाचक चिडतो, हॅरी तर म्हाताऱ्याच्या खोलीतल्या वस्तू फोडतो. पण तोवर गप्प राहण्याची किंमत वसूल झालेली असते : हॅरीचा धर्मपिता सिरियस गेलेला असतो. डम्बलडोर कबूल करतो की पोराच्या जिवाला घोर लावायचं जिवावर आलं, आणि तीच माझी चूक झाली. शिवाय त्या वर्षभर तो हॅरीच्या नजरेला नजरही देत नाही, कारण हॅरीच्या मनातून शत्रू आत डोकावेल अशी भीती आहे. माया आणि धोका अशी दोन कारणं एकमेकांत गुंतलेली. आधी हे वागणं तुटक वाटतं, नंतर त्याचा अर्थ लागतो. असं मौन वाचक माफ करतो, कारण त्याचं बिल गुरूच्या नावावर फाटलेलं असतं.

तिसरं कारण शब्द दिल्याचं. कृष्णशिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचं गुपित सांगतो. कर्ण म्हणतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, त्याला कळलं तर तो राज्य माझ्या हाती देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. कृष्ण पाळतो. पांडवांना कळतं ते युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी, कुंतीच्या तोंडून. आणि युधिष्ठिर संतापानं समस्त स्त्रीजातीला शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. (अठरा दिवस कृष्णही गप्प होता. त्याला शाप नाही. असो.) मात्र हे कारण वापरायचं तर शब्द दिल्याचा प्रसंग आधी दाखवा. शेवटच्या प्रकरणात 'मी वचनबद्ध होतो' म्हणणं म्हणजे वेळ मारून नेणं.

नंतर सुचलं आणि आधीपासून ठाऊक होतं

मोबाइलवर रोज एक भाग टाकणाऱ्यांना हा आजार हमखास होतो. चाळिसाव्या भागात झकास कलाटणी सुचते, मग गुरू म्हणतो, 'मला हे तुझ्या जन्मापासून माहीत होतं.' झालं! आता मागचे एकोणचाळीस भाग खोटे पडले. सातव्या भागात तो ज्या गोष्टीनं दचकला होता, त्याचं काय?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनलाही हे चुकलं नाही. 'द हॉबिट' १९३७ साली छापलं तेव्हा ती अंगठी साधी जादूची होती, आणि कोड्यांच्या पैजेत गॉलम ती बक्षीस म्हणून द्यायला राजी होता. पुढे तीच अंगठी साऱ्या जगाला ग्रासणारी ठरल्यावर हे बसेना. मग त्यानं ते प्रकरण बदललं आणि १९५१च्या आवृत्तीत नवं रूप आलं. पण खरी कारागिरी पुढे आहे. आधीची हकिकत त्यानं खोडून फेकली नाही, बिल्बोनं मारलेली थाप ठरवली. आणि हा सरळ माणूस एका अंगठीपायी खोटं का बोलला, हीच गँडाल्फच्या संशयाची सुरुवात केली. लेखकाची अडचण गुरूच्या हातातला पुरावा झाली!

आपल्याला छापलेलं बदलून घ्यायची चैन नसते, पण युक्ती उसनी घेता येते. मागचे भाग वाचा आणि गुरूचं एखादं विसंगत वागणं शोधा. तो सातव्या भागात दचकला होता ना? मग तेव्हा त्याला पहिली शंका आली. 'माहीत होतं' काढून 'तेव्हापासून मनात खुपत होतं' करा. अर्ध्याहून अधिक बाडं एवढ्यानं वाचतात.

गुरूच्या डोक्यात शिरून दार लावून घेणं

एक प्रकरण गुरूच्या नजरेतून लिहिता, त्याच्या मनातलं सांगता, त्याचे गुडघे दुखतात तेही सांगता, आणि नेमकं गुपितच वाचकापासून लपवता. ही फसवणूक आहे आणि वाचकाला ती कळते. एकतर त्याच्या डोक्यात शिरू नका, नाहीतर शिरलात तर गुपित सांगून टाका आणि शिष्य अंधारात चालतोय याचा ताण वापरा.

बाहेरून किती थोडक्यात काम होतं याचा माझा आवडता दाखला चौथ्या हॅरी पॉटरमधला, २००० सालचा. हॅरी सांगतो की व्होल्डेमॉर्टनं माझं रक्त वापरून देह मिळवला. क्षणभर हॅरीला भास होतो की डम्बलडोरच्या डोळ्यांत विजयाची लकेर चमकली. पुढच्याच क्षणी तो तितकाच थकलेला, म्हातारा दिसतो. बस, एवढंच. ही लकेर कशाची, यावर वाचक वर्षानुवर्षं वाद घालत बसले, कारण उलगडा झाला तो २००७च्या शेवटच्या भागात : त्या रक्तामुळेच हॅरी जगू शकणार होता. आणि ती लकेर हॅरीला दिसली, तीही दिसल्यासारखी वाटली. लेखिका म्हाताऱ्याच्या डोक्यात गेलीच नाही.

याच्या उलट टोक म्हणजे 'गुरुदेव गूढ हसले'. संगणकावर 'गूढ' हा शब्द शोधून बघा, आकडा बघून घाम फुटेल. एक ठेवा, बाकीचे उडवा.

आणि 'ऐक बाळा, तुझा खरा शत्रू म्हणजे...' म्हणत मान टाकणारा गुरू? तो आता फक्त विनोदात चालतो. त्यापेक्षा निरोप वाटेत अडकू द्या. गँडाल्फनं फ्रोडोला जुलैअखेर निघ म्हणून पत्र लिहून ब्री गावच्या खाणावळवाल्याकडे दिलं, तो कामाच्या धबडग्यात पाठवायचं विसरला, आणि फ्रोडो निघाला सप्टेंबरच्या अखेरीस. पत्र त्याला मिळालं ते त्या खाणावळीतच. तुमच्या आमच्या घरात पाहुण्यानं दिलेला निरोप जसा राहून जातो, तसंच.

तर माझ्या म्हाताऱ्याचं काय झालं

तो होता गोंदाबा, नावाडी. येसूला त्याच्या नावेतून डोहापलीकडे जायचं होतं. तिची आई त्याच डोहात बुडाली होती. पहिल्या खर्ड्यात असं होतं :

'आजा, आई बुडाली तेव्हा तुम्ही कुठं होता?' येसूनं विचारलं. गोंदाबा गूढ हसला. 'वेळ आली की सगळं कळेल, पोरी.'

मैत्रिणीच्या शेऱ्यानंतर चार रकाने भरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडलं आणि तेव्हा मलाच पहिल्यांदा कळलं : त्याला ठाऊक होतं कारण दोर त्यानंच कापला होता. कापला नसता तर नावेतली बाकीची सात माणसंही गेली असती. चौथा रकाना मग आपोआप भरला. हे सांगितलं तर पोरगी त्याच्या नावेत पाय ठेवणार नाही, आणि दुसरी नाव गावात नाही. प्रसंग पुन्हा लिहिला :

'आजा, आई बुडाली तेव्हा नाव तुमचीच होती ना?'

गोंदाबा खुंट्याला दोर बांधत होता. गाठ मारून झाली होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा मारली.

'पाणी चढलंय,' तो म्हणाला. 'उद्या उजाडता निघू. भाकरी बांधून घे.'

नवं बाड मैत्रिणीकडे गेलं. या पानावर तिनं 'गाठ'खाली रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं होतं. पण ते खोडरबरानं पुसल्याची खूण आहे. दोराची हकिकत येते ती थेट पान २९०वर. म्हणजे ती मागे जाऊन आली होती.