गोष्टीच्या वाटेने कवितेकडे: वर्गात पद्य कादंबरी कशी वाचावी

पाचवी ते आठवीच्या मुलांना कविता नकोशी वाटते, याचे कारण बहुतेक वेळा कवितेत नसून तिच्याभोवती रचलेल्या प्रश्नांत असते. संदर्भासह स्पष्टीकरण, अलंकार ओळखा, मध्यवर्ती कल्पना लिहा, अशी कामे दिसू लागली की वाचण्याआधीच कवितेचा धाक बसतो. पद्य कादंबरीत हा धाक उरत नाही, कारण तिचे पान मूल उलटते ते पुढे काय झाले हे कळावे म्हणून. बहुधा मुक्तछंदातील छोट्या छोट्या कविता आणि त्या सर्वांमधून पुढे सरकणारी एकच गोष्ट, असे तिचे रूप असते.

मुलांसाठी अशी मराठी पुस्तके सहज हाती लागत नाहीत, म्हणून सुरुवात इंग्रजी पुस्तकापासून करण्यास हरकत नाही. शेरॉन क्रीच यांचे ‘लव्ह दॅट डॉग’ (२००१) लहानसे आहे. ती एका शाळकरी मुलाची तारीखवार वही असून, कविता लिहिणे हे मुलग्यांचे काम नाही, असे तो आरंभीच सांगून टाकतो. मागच्या बाकावरच्या मंडळींना हा मुलगा लगेच आपला वाटतो. थान्हा लाई यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ (२०११) या पुस्तकात १९७५ साली व्हिएतनाममधील सायगाव सोडून जहाजाने निघालेली आणि अखेर अमेरिकेतील अलाबामात पोहोचलेली ‘हा’ नावाची दहा वर्षांची मुलगी भेटते. तिचे वडील नौदलातून बेपत्ता झालेले आहेत आणि परसातल्या पपईवर तिचा जीव आहे. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे कोकण किनाऱ्यावरच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

रोज दहा मिनिटे वाचन पुरे. एक कविता इंग्रजीत मोठ्याने वाचावी, मग तिच्यातला प्रसंग मराठीत, शक्य तर गावच्या बोलीत, सांगावा आणि उत्कंठा ताणलेल्या जागी पुस्तक मिटावे. अर्थ विचारू नये. उद्या काय होईल, एवढेच विचारावे. पद्यातून गोष्ट सांगण्याची रीत कोकणाला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रे दाखवत रामायण-महाभारतातील कथा गातात आणि रत्नागिरीकडे नमन व जाखडी ही गाण्या-नाचाची लोककला मुलांनी पाहिलेली असते, याची आठवण ओघात करून द्यावी, त्यावर व्याख्यान देऊ नये.

गोष्टीत मुले रमली की ओळींकडे वळावे. माझ्या मते या उपक्रमाचा गाभा येथेच आहे. ‘बाबांची होडी अजून बंदरात आली नाही’ हे वाक्य फळ्यावर सलग लिहावे आणि ते कोठे मोडायचे, हे मुलांना ठरवू द्यावे. मराठीत क्रियापद आणि नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे ‘बाबांची होडी / अजून बंदरात / आली / नाही’ असे मोडले की शेवटच्या शब्दापर्यंत होडी आल्याची आशा टिकून राहते. तेच वाक्य ‘अजून’नंतर एकदाच मोडून वाचून घ्यावे. दोन वाचनांतला फरक मुलांच्या कानांना कळतो आणि यमकाशिवायही कविता कशी होते, हा प्रश्न आपोआप सुटतो.

यानंतर वर्गाने मिळून स्वतःची पद्य कथा लिहावी. विषय जवळचा असावा: १ जूनपासून यांत्रिक मासेमारीवर येणारी पावसाळी बंदी, होड्या वर ओढून शाकारणे, मासळी बंद झाल्यावर आईने हिशेब जुळवणे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात उतरणे. एका मुलाने आई व्हावे, दुसऱ्याने खलाशी, तिसऱ्याने चाकरमानी मामा. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडी दहा-बारा ओळींची एकच कविता लिहावी. कोळीवाड्यातील वा मालवणी शब्द शुद्धलेखनाच्या नावाखाली बदलू नयेत. गुण तर मुळीच देऊ नयेत. गुण आले की मुले पुन्हा उपमा शोधू लागतात.

गणपतीपुळ्याजवळचे मालगुंड हे केशवसुतांचे जन्मस्थान असून तेथे त्यांचे स्मारक आहे. गणपतीपुळ्याची सहल या लेखनानंतर ठेवली तर ते पाहता येईल. मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, रूढ करणाऱ्या या कवीचे एखादे सुनीत तेथे मोठ्याने वाचावे. ओळी मोडण्याचा सराव झालेली मुले कवी चौदाव्या ओळीवरच का थांबला, असे विचारतील; तेव्हा उत्तर घाईने न देता त्यांना ओळी पुन्हा मोजू द्याव्यात.