कळसूबाई झाली, आता बेन नेव्हिस

स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस शिखर १३४५ मीटर, कळसूबाई १६४६. हे दोन आकडे शेजारी ठेवून नाशिककर निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच बऱ्यापैकी उंचावर आहे. बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस दरीतली वाट मात्र जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, म्हणजे १३०० मीटर पायांनीच चढायचे.

पहिल्या खेपेला माउंटन ट्रॅक ही नेहमीची वाटच धरा, जाऊन-येऊन सुमारे १७ किलोमीटर. वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा जुना हिशेब: ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. नुसत्या चढाईलाच ४ तास लागतात, थांबे वेगळे. सराव अंजनेरीवर पाठीवर वजन घेऊन करा. चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त, कारण त्या दगडी वाटेवर परतताना गुडघे बोलायला लागतात.

सह्याद्रीत पावसात भिजलं तरी चालतं, तिथे नाही. माथा पायथ्यापेक्षा साधारण ९ अंशांनी थंड, त्यात वारा. जीन्स, सुती टी-शर्ट आणि फडफडणारा पोंचो घरीच ठेवा. वॉटरप्रूफ जॅकेट-पॅन्ट, आत फ्लीस, टोपी, हातमोज्यांचे दोन जोड (एक भिजतोच). मे महिन्यातही वर बर्फ असू शकतो. आइस अॅक्स आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) वापरता येत नसतील तर परत फिरा.

खरी गोम ढगात उतरताना आहे. माथा पसरट, उत्तरेला सरळ कडे. शिखरावरच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर चाला, मग २८२ अंश धरा. हे ग्रिड बेअरिंग आहे, म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेषांपासून मोजलेली दिशा; नकाशावर दिलेला चुंबकीय फरक धरूनच कंपास लावा. लवकर वळलात तर गार्डीलू गलीचं (गली म्हणजे कड्यातली उभी घळ) तोंड. कड्यांच्या धास्तीने डावीकडे सरकत गेलात तर फाइव्ह फिंगर गली. धुक्यात १५० मीटर डोळ्यांना कळत नाहीत, म्हणून आपली किती पावलं होतात ते गोल्फ क्लब मैदानावर आधीच मोजून ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

शेजारच्या कार्न मोर डेरग शिखराची धार पुढच्या खेपेला, स्वच्छ हवा आणि मोठा दिवस बघून. उत्तरेच्या कड्यांवरची टॉवर रिज म्हणजे सुमारे ६०० मीटरची कातळचढाई. हरिहरच्या खोबणीत बोटं रोवून चढणारे इथे दोराशिवाय जाऊ नयेत.