बोन फाईल, रास्प, निबलर: आपल्या तालुक्यात किती माल खपंल ते कसं काढायचं

बोन फाईल अन् रास्प म्हणजे हाड घासायच्या कानशी, निबलर म्हणजे हाडाचे बारीक तुकडे तोडायची पकड. या हाडं घासायच्या-कोरायच्या अवजारांचा धंदा इकडे चालंल का म्हणून पोरं विचारतात, अन् विचारतानाच कुठलातरी मार्केट रिपोर्ट पुढं करतात, इतके टक्के ग्रोथ वगैरे. भाऊ, तो आधी बाजूला ठेवा. त्यातला मोठा हिस्सा सांधे बदलायच्या ऑपरेशनचा, अन् तो आपल्या हाती येतच नाही, कारण हिप नाहीतर गुडघा बदलायचा असला की रीमर, ब्रोच (हाड आतून कोरायची अवजारं) असा सगळा सेट बहुतेक वेळा इम्प्लांटवालाच, म्हणजे कृत्रिम सांधा विकणारा, पेट्यांमध्ये घेऊन येतो अन् ऑपरेशन झालं की परत नेतो. पूर्व विदर्भात सिकलसेलमुळे खुब्याचा गोळा खराब होऊन तरण्या पोरांचेही खुबे बदलावे लागतात, म्हणजे मागणी खरी आहे, पण पेशंट जातो नागपूर, सावंगी, सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात.

मग आपल्याला उरतं फ्रॅक्चरचं काम अन् डेंटल, तेवढंच मोजा. वही घ्या, ज्या नर्सिंग होममध्ये हाडाचं ओटी (ऑपरेशन थिएटर) खरंच चालतं तेवढीच लिहा, बोर्ड पाहून लिहू नका. डॉक्टरला नंतर भेटा, आधी ओटीतल्या सिस्टरला विचारा की ट्रेमधला कोणता पीस बोथट झाला, तिला सगळं माहीत असतं. ऑस्टिओटोम (हाड कापायचं पातळ छिन्नीसारखं अवजार), छिन्नीला परत धार लावता येते, म्हणून तो गिऱ्हाईक कधी येईल काही सांगता येत नाही. रास्प, फाईलचे दात गेले की गेले. वापरल्यावर लगेच ब्रशने घासलं नाही तर दातांत हाडाचा भुगा बसतो, न घासता तसंच ऑटोक्लेव्ह केलं (वाफेच्या दाबात निर्जंतुक केलं) की तो पक्का होतो, वरून ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय असली तर स्टीलला खड्डे पडतात. रिपीट ऑर्डर इथूनच येते. डेंटलवाले कवळीआधी जबड्याच्या हाडाचे टोकदार कंगोरे फाईलने घासतात, पीस छोटा, पण क्लिनिक आता तालुक्यालाही बरीच झालीत.

माल घेताना मॅग्नेट चिकटला म्हणून हलका समजू नका, कटिंगच्या अवजाराला ४२० ग्रेडसारखं कडक होणारं स्टील लागतं अन् त्याला मॅग्नेट चिकटतोच, उलट ऑस्टिओटोमला चिकटला नाही तर शंका घ्या. निबलरने लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून पहा, कड साफ आली पाहिजे, फाटली तर जबडे जुळत नाहीत. मुठीवरून अन् जॉइंटवरून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकला की तिथं फिनिशिंग कच्चं आहे. कापूस तर आपल्याकडे घरचाच.

कागदाचं थोडक्यात: २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सखाली विक्रीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडून एमडी-४२ (विक्रीचं नोंदणी प्रमाणपत्र) घ्यावं लागतं, त्यासाठी ठेवलेला माणूस पदवीधर नाहीतर फार्मासिस्ट पाहिजे, किंवा बारावी पास अन् या विक्रीचा १ वर्षाचा अनुभव. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला, जुन्या रेटलिस्टवर कोटेशन देऊ नका.

अन् उधारी. इकडे थांबता येणारी ऑपरेशनं लोक पेरणीत काढत नाहीत, कापूस-सोयाबीनचे पैसे आले की दिवाळीनंतर काढतात, म्हणून माल पावसाळ्यात भरून ठेवू नका, दसऱ्याच्या सुमारास उचला. ज्या दवाखान्याचं बरंचसं काम सरकारी योजनेवर चालतं तिथं क्लेम सुटेपर्यंत बिल लटकतं, त्याला रेट थोडा चढाच लावा नाहीतर अर्धे आगाऊ घ्या.