एमजीबीचं इंजिन घरच्या गॅरेजात बांधताना

सांगलीला काकांच्या गॅरेजात ॲम्बॅसिडरचं इंजिन खोललेलं असलं की शाळेतून आल्यावर माझं काम ठरलेलं: रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुवायचे. पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालो आणि १९६९ ची एक गंजकी एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली. तिच्या इंजिनाचं वरचं झाकण पहिल्यांदा काढलं तेव्हा मी हसलोच. रॉकर शाफ्ट, पुशरॉड, बाजूची टॅपेटची झाकणं, सगळं ओळखीचं. यात योगायोग काही नाही. दोन्ही इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली. ॲम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसी, आणि १९५५ ला आलेल्या एमजीए १५०० या स्पोर्ट्स कारचंही तेवढंच. एमजीबीचं वाढून १७९८ सीसी झालं, ते बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ८०.२६ मिमी केल्यामुळे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, मात्र तोच, ८८.९ मिमी. म्हणजे आपल्याकडचे ॲम्बॅसिडरचे मिस्त्री आयुष्यभर स्पोर्ट्स कारचंच इंजिन बांधत होते, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

हे इंजिन घरी बांधता येतं. मात्र घरी करायचं काम कापण्याचं नाही, मोजण्याचं आणि धुण्याचं आहे. कापायचं काम मशीन शॉपचं. ही वाटणी पटत नसेल तर इंजिन खोलूच नका. मला शनिवार-रविवार धरून आठ महिने लागले.

खोलण्याआधी

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या इंजिनांना तीन मेन बेअरिंग, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो ती, होती, त्यानंतर पाच. दोन्हींचे क्रँक आणि बेअरिंगचे संच वेगळे. म्हणून एकही सुटा भाग मागवण्याआधी ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट केलेली पट्टी पुसून इंजिन नंबर वाचा. सुरुवात १८जीए असेल तर तीन, १८जीबी किंवा पुढचं असेल तर पाच.

इंजिन चालू स्थितीत असेल तर गरम करून दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, ऑइलचा दाब: धावताना ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५. दुसरी, चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन. एखादा सिलेंडर कमी दाखवत असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर गेलाय, जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील, दाब चांगला असेल आणि धूर नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे: ऑइल बदला आणि गाडी चालवा. नुसत्या हौसेपोटी चांगलं इंजिन खोललेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या गाड्या अजून विटांवर आहेत.

उतरवणं

बॅटरी सोडा. कूलंट काढून झाकणाच्या डब्यात भरा. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना विष. ऑइल काढा. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड या क्रमाने सुटं करत जा. प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नाव लिहा. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत वायरीचा रंग ग्रीसखाली काळाच दिसतो हेही ध्यानात असू द्या.

क्रँक पुलीचा मोठा नट इंजिन गाडीत असतानाच ढिला करून घ्या. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, नटाखालच्या वॉशरचा दुमडलेला कान सरळ केलेला, आणि पान्याला लांब पाइप. इंजिन स्टँडवर गेल्यावर हाच नट तुमच्यासकट स्टँड फिरवतो.

इंजिन दीडशे किलोच्या वर जातं. काकांकडे झाडाच्या फांदीला चेन पुली बांधलेली असे. इथे मी क्रेन भाड्याने आणली. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, पोरं, मांजर, काहीही नको. बाहेर आल्यावर क्लच, फ्लायव्हील आणि मागची प्लेट काढली की इंजिन स्टँडला लागतं.

खोलणं

हेडचे, म्हणजे सिलेंडर वरून बंद करणाऱ्या ठोकळ्याचे, नट एका दमात सोडायचे नाहीत. प्रत्येकाला थोडा थोडा फेर देत सगळे ढिले करायचे. रॉकर शाफ्टच्या पायांतले चार मोठे नट खरं तर हेडचेच नट आहेत. घाईने एकटा रॉकर शाफ्ट सोडायला गेलात तर हेडवर एका बाजूने ताण येतो.

पुशरॉड निघतील त्या क्रमाने खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांत खोचून ठेवा. टॅपेटही तसेच. प्रत्येक टॅपेट आपल्या कॅमबरोबर घासून बसलेला असतो; जुने परत वापरायचे असतील तर अदलाबदल चालणार नाही. कॅमशाफ्ट ओढण्याआधी डिस्ट्रिब्युटर फिरवणारा छोटा गिअर वर काढावा लागतो. त्याला पकड अशी नाहीच, पण डोक्यात आटे आहेत. पाच-सोळांश इंची यूएनएफ आट्याचा लांब बोल्ट त्यात फिरवायचा आणि हलकेच वर घ्यायचा. इथे आठवण करून देतो की हे इंजिन इंची मापाचं आहे. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच.

बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनच्या रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, आणि मेन बेअरिंगच्या टोप्या आपापल्या जागीच, आपापल्या तोंडानेच परत जायला हव्यात. त्यांवर क्रमांक नसतील तर काढण्याआधी स्वतः खुणा करा.

मोजणं

काकांच्या बोलण्यात माप नेहमी थाऊत असे: ‘दहा थाऊ खाल्लंय’, ‘वीसचे पिस्टन टाक’. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. डोळ्याला न दिसणाऱ्या या मापावर सगळं इंजिन उभं आहे, म्हणून मायक्रोमीटर आणि बोअर गेज उसनं आणा, भाड्याने आणा, पण आणा.

बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजा. वरच्या कडेला नखाला लागणारी पायरी असेल तर झीज बरीच आहे. क्रँकचा प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन दिशांनी मोजा. गोल राहिला नसेल किंवा ओरखड्यात नख अडकत असेल तर तो ग्राइंडिंगला जाणार. पिस्टनच्या माथ्यावर आणि बेअरिंगच्या पाठीवर बहुधा ०१०, ०२० असे आकडे असतात, म्हणजे मूळ मापापासून दहा, वीस थाऊचा फरक. आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते त्यावरून कळतं.

मी मात्र पिस्टनवरचा काजळीचा थर खरवडून हे आकडे पाहण्याआधीच नवे पिस्टन मागवून मोकळा झालो होतो. वीस थाऊचा संच, सवलतीत मिळाला म्हणून. थर काढला तर खाली आकडा होता ०२०. म्हणजे बोअर आधीच एकदा मोठा झालेला, आणि त्यावर पुन्हा झिजलेला. मला लागणार होते चाळीसचे. सवलतीतला माल परत घेत नाहीत, हे दुकानदाराने अगदी गोड शब्दांत सांगितलं.

हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज सरकतंय का पाहा. मधल्या दोन सिलेंडरांचा एक्झॉस्ट एकाच बोळातून बाहेर पडतो, त्यामुळे तिथे उष्णता कोंडते. चिरा पडल्याच तर तिथल्या व्हॉल्व्ह सीटच्या आसपास शोधा. मशीन शॉपला तपासायला सांगणं जास्त बरं.

मशीन शॉप

बोअर करताना नवे पिस्टन त्यांच्या हातात द्या. नुसता आकडा सांगू नका. क्रँक, त्याची बेअरिंग, कॅमशाफ्टच्या बेअरिंगचं लाइन रीमिंग, फ्लायव्हीलचं फेसिंग, सगळं एकदमच द्या. पिन दाबून बसवलेल्या असतील तर पिस्टन-रॉडची जोडणीही तिथेच. इथे २००० सालापासून पंपावर शिसंवालं पेट्रोल मिळत नाही, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण सीट बसवून घेतल्या. ऑइलच्या वाटांचे पितळी प्लग काढून द्यायला आवर्जून सांगा. आणि काम झाल्यावर मापं कागदावर मागा.

धुणं

या पायरीवर बहुतेक जण घसरतात, कारण मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक दिसायला स्वच्छ असतो. तो स्वच्छ नसतो. होनिंगची, म्हणजे बोअर दगडाने घासल्याची, बारीक पूड बोअरच्या रेघांत बसलेली असते आणि पेट्रोलने ती निघत नाही. त्याला गरम पाणी आणि भांडी घासायचा साबणच हवा. बाटली घासायचे लांब ब्रश ऑइलच्या प्रत्येक वाटेतून आरपार घाला. बोअर पांढऱ्या सुती फडक्याने पुसा. फडकं करडं आलं की पुन्हा साबण. माझं सहाव्या खेपेला पांढरं आलं. मग लगेच हवा मारून कोरडं करून ऑइल लावायचं. उघडं बीड ओलं राहिलं तर चहा होईपर्यंत त्यावर तांबूस छटा येते. ब्लॉक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत झाकून ठेवा.

बांधणं

आधी मेन बेअरिंग. शेलची, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याची, पाठ आणि ती बसते ती जागा कोरडी. ऑइल फक्त क्रँककडच्या तोंडाला. पण ऑइलच्या आधी प्लॅस्टिगेजचा, म्हणजे फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा, दोरा जर्नलवर ठेवून टोपी घट्ट करा, काढा आणि चपटलेली रुंदी पट्टीवर पाहा. साधारण १ ते २.७ थाऊ फट हवी. थ्रस्ट वॉशर मधल्या बेअरिंगला, त्यांचे ऑइलचे खोबण क्रँकच्या गालाकडे. उलटे बसवले तरी बसतात, आणि मग थोड्याच दिवसांत क्रँक पुढेमागे खेळू लागतो.

टोप्यांचे नट टप्प्याटप्प्याने ७० पौंड-फूट, म्हणजे ९५ न्यूटन मीटर. एक टोपी घट्ट केली की क्रँक हाताने फिरवून बघा, मग पुढची. माझा क्रँक तिसऱ्या टोपीपर्यंत लोण्यासारखा फिरत होता, चौथीला जड झाला. टोपी काढली, शेल उचलला, तर पाठीमागे फडक्याचा एक धागा, अर्धा इंचही नसेल. पाचही टोप्या लावून मग फिरवला असता तर कुठली अडतेय ते शोधण्यात रविवार गेला असता.

प्रत्येक रिंग ज्या बोअरमध्ये जाणार तिथेच उपड्या पिस्टनने खाली ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. इंचभर बोअरला ४ थाऊ हा जुना हिशोब, ८०.२६ मिमी म्हणजे सव्वातीन इंचांच्या जरा आत, तेव्हा तेराच्या आसपास. कमी असेल तर बारीक कानशीने घासा. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नका. पिस्टन खाली सोडताना रॉडच्या बोल्टांवर पेट्रोलच्या रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे नव्या क्रँकवर ओरखडा नाही.

कॅमशाफ्ट आणि टॅपेट असेंब्ली ल्यूबमध्ये अक्षरशः माखून घ्या. टायमिंगच्या दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणा. क्रँकवरची ऑइलची तबकडी ‘एफ’ अक्षर बाहेर दिसेल अशी. हेड मधून बाहेरच्या बाजूंना जात, तीन टप्प्यांत, ५० पौंड-फूट, म्हणजे ६८ न्यूटन मीटर. बिग एंडचे नट मात्र सालागणिक बदलले, तेव्हा त्यांचा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

टॅपेटची फट थंड इंजिनावर १५ थाऊ. इथे नऊचा पाढा वापरायचा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबला की आठवा सेट करा, तिसरा दबला की सहावा, दोघांची बेरीज नेहमी नऊ.

सुरू करणं

साधं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, सव्वाचार लिटर, झिंक जास्त असलेलं. स्पार्क प्लग काढून ठेवा आणि ऑइलचा काटा उठेपर्यंत स्टार्टर मारा, दहा दहा सेकंदच. काटा उठला नाही तर पुढे जायचं नाही. ऑइल कूलरकडचा पाइप सोडून पंपाच्या दिशेने ऑइल ओता आणि पुन्हा मारा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो.

नवा कॅम असेल तर सुरू झाल्याबरोबर थेट २००० आरपीएमवर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच ठेवायचं. आयडलला ठेवलं तर कॅमवर ऑइल पुरेसं उडत नाही. ८०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा.

माझं इंजिन सुरू झालं तेव्हा काका सांगलीहून व्हिडिओ कॉलवर होते. दाब ६० दाखवत होता, मी फोन गेजसमोर धरला. त्यांनी काही तिकडे पाहिलं नाही.

‘अरे, फोन झाकणाजवळ ने,’ म्हणाले. मी नेला. ‘एक टॅपेट वाजतोय.’

‘काका, मी दोनदा सेट केलेत.’

‘मग तिसऱ्यांदा कर.’

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर झाकण काढलं आणि आठही तपासले. चौथा पूर्ण दाबून पाचवा मोजला, तर १८ थाऊ.